घराण्यातील हृदयविकार : एका शोधाचा इतिहास

गोदावरीच्या काठी बसून घराण्यांचा इतिहास बोलावयाचा म्हणजे गोपिकाबाईंची आठवण टाळता येत नाही. नानासाहेब पेशव्यांच्या या पत्नीने आपले उत्तरायुष्य नाशिक-गंगापूरच्या परिसरात काढले आणि १७८८ साली इकडेच देह ठेवला. त्यांचे वयात आलेले तीन मुलगे त्यांच्या हयातीत गेले. विश्वासराव १७६१ च्या जानेवारीत गेले, तेव्हा ते अठरा वर्षांचे होते. माधवराव १७७२ च्या नोव्हेंबरात गेले, तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते. आणि नारायणराव १७७३ च्या ऑगस्टात, पुन्हा अठराव्या वर्षीच. एखाद्या अनोळखी माणसापुढे नुसती ही नावे आणि हे आकडे ठेवले, तर तो काय म्हणेल? या घराण्याच्या रक्तातच अल्पायुष्य आहे, असेच म्हणेल. वास्तविक विश्वासराव पानिपतावर गोळी लागून पडले, माधवराव थेऊर येथे राजयक्ष्म्याने गेले आणि नारायणरावांचा शनिवारवाड्यात खून झाला. तीन मृत्यू, एक आई, आणि कारणे तीन.

हे उदाहरण मुद्दाम घेतले आहे. आज मला ज्या विषयावर बोलावयाचे आहे, तो म्हणजे काही घराण्यांतून ऐन उमेदीच्या वयात येणारा हृदयविकार. या विषयाच्या उंबरठ्यावरच हा सापळा मांडलेला आहे. एका घरात तीन माणसे लवकर गेली म्हणजे रोग आनुवंशिक ठरत नाही. क्षयाचेच पाहा. एका घरात क्षयाने माणसामागून माणूस जाई, म्हणून युरोपातील कितीतरी नामांकित वैद्य त्याला रक्ताचा रोग मानीत. १८८२ साली रॉबर्ट कॉख यांनी त्याचा जंतू दाखविला, तेव्हा कळले की घरातून जे पुढे जात होते ते रक्त नव्हते, श्वास होता. पण याच्या उलट बाजूची चूकही तितकीच महाग पडते. वडील अठ्ठेचाळीसाव्या वर्षी गेले, काका पन्नाशीत गेले, थोरला भाऊ बेचाळीसाव्या वर्षी सकाळी आंघोळीला उठला तो परत आला नाही, आणि घरचे म्हणतात, 'आयुष्याची दोरीच तेवढी.' तेथे खरोखरच रक्तात काही असते. आणि ते कोणी विचारलेले नसते.

आपल्या नाशकात आणि त्र्यंबकेश्वरी घराण्यांच्या नोंदींना तोटा नाही. क्षेत्रोपाध्यायांच्या घरी पिढ्यान् पिढ्या जपलेल्या नामावळ्यांच्या वह्या आपल्यापैकी अनेकांनी पाहिल्या असतील. आपण गाव सांगावे, आडनाव सांगावे, आणि गुरुजींनी पाने चाळून आपल्या पणजोबांचे नाव, त्यांच्या भावांची नावे, ते कधी व कोणाच्या श्राद्धाला आले होते हे वाचून दाखवावे. जुन्या नोंदी मोडीत असतात. खापरपणज्याची सही पाहून डोळ्यांत पाणी आलेली माणसे या घाटावर नवीन नाहीत. इतिहासाच्या विद्यार्थ्याला या वह्या म्हणजे मोठे धन आहे. पण वैद्यकाच्या दृष्टीने त्यात दोन गोष्टी सहसा सापडत नाहीत. एक म्हणजे मृत्यूचे कारण. आणि दुसरी, लग्न होऊन गेलेल्या मुलींची पुढची शाखा. वही पितृकुळाची. रोग मात्र पितृकुळ आणि मातृकुळ असा भेद करीत नाही. मुलाला जे मिळते त्यातले निम्मे आईकडून येते, आणि आजोळच्या मामाचे काळीज कशाने थांबले हे विचारण्याची आपल्याकडे पद्धत नाही. अकाली मृत्यू वारंवार होणारी घराणी त्र्यंबकेश्वरी नारायण नागबळीसाठी येतात. त्या श्रद्धेविषयी मला येथे वाद घालावयाचा नाही. इतकेच लक्षात यावे की, 'आमच्या घरात काहीतरी आहे' ही जाणीव लोकांना फार पूर्वीपासून आहे. काय आहे, हे कळावयास मात्र शतके जावी लागली.

प्राचीनांनी या बाबतीत एक शब्दांची जोडी आपल्या हाती ठेवली आहे, ती फार कामाची आहे. सुश्रुतसंहितेत प्रमेहाचे दोन प्रकार सांगितले आहेत : एक सहज, म्हणजे जन्माबरोबर आलेला, आईबापांच्या बीजदोषाने झालेला, आणि दुसरा अपथ्यज, म्हणजे चुकीच्या आहारविहाराने ओढवून घेतलेला. चरकानेही बीजाच्या ज्या भागात दोष असेल त्या भागापासून होणाऱ्या अवयवात विकृती येते, असे म्हटले आहे. यावरून 'आमच्या पूर्वजांना सारे ठाऊक होते' असा टाहो फोडण्याचे कारण नाही. सुश्रुताचे विवेचन प्रमेहाचे आहे, हृद्रोगाचे नव्हे. आणि हृद्रोगाचे जे पाच प्रकार त्या ग्रंथांत येतात त्यांचा आजच्या हृदयविकाराच्या झटक्याशी मेळ घालणे ओढाताणीचे होते. पण सहज आणि अपथ्यज ही जोडी आपण हाती धरून ठेवू. पुढचा सारा इतिहास या दोन शब्दांमधल्या ओढाताणीचा आहे.

छातीत कळ येऊन चालता माणूस जागीच थबकतो, विसावा घेतला की कळ थांबते, आणि एके दिवशी ती थांबत नाही : या दुखण्याचे नेमके वर्णन इंग्लंडात विल्यम हेबर्डन यांनी १७६८ मध्ये वाचले व ते १७७२ मध्ये छापून आले. माधवरावांच्या मृत्यूचे तेच साल. हेबर्डन यांना रोगाचे चित्र अचूक दिसले होते, कारण दिसले नव्हते. रोग घराण्यातून चालतो हे ठळकपणे लोकांपुढे आले ते एका प्रसिद्ध कुटुंबामुळे. विल्यम अर्नोल्ड हे गृहस्थ वाइट बेटावर जकात खात्यात अधिकारी होते. ते १८०१ मध्ये एकाएकी हृदयविकाराने गेले. त्यांचा मुलगा टॉमस अर्नोल्ड, रग्बी शाळेचा तो थोर हेडमास्तर, १८४२ च्या जूनमध्ये सत्तेचाळीसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी पहाटे छातीत कळ येऊन काही तासांत गेला. आणि टॉमसचा मुलगा, कवी व टीकाकार मॅथ्यू अर्नोल्ड, १८८८ च्या एप्रिलमध्ये लिव्हरपूल येथे ट्राम गाठण्यासाठी धावला आणि कोसळला. तो तेव्हा पासष्ट वर्षांचा होता. (पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे प्राचार्य एडविन अर्नोल्ड हे या घराण्यातले नव्हेत. नामसाम्यामुळे होणारा घोटाळा वंशावळीत नेहमीचाच.) विल्यम ऑस्लर यांनी १८९७ च्या आपल्या व्याख्यानांत या अर्नोल्ड घराण्याचा दाखला दिला आणि तेव्हापासून तो वैद्यकाच्या पुस्तकांत रूढ झाला. आजोबा, बाप, नातू. येथे मात्र तिन्ही मृत्यूंचे कारण एकच होते. गोपिकाबाईंच्या मुलांत आणि अर्नोल्डांत फरक आहे तो हा.

परंतु दाखला म्हणजे शोध नव्हे. शोधाची पहिली खरी पायरी नॉर्वेत चढली गेली. ऑस्लो येथील डॉक्टर कार्ल म्युलर यांनी १९३८ च्या सुमारास काही कुटुंबे तपासली. त्यांतील माणसांच्या घोट्यामागच्या व हाताच्या शिरांवर पिवळट, घट्ट गाठी येत, रक्तात कोलेस्टेरॉल फार चढलेले असे, आणि तरुण वयात हृदयविकार होई. म्युलर यांनी या तिन्ही गोष्टी एका सूत्रात ओवल्या व हे आईबापांकडून मुलांकडे येते असे दाखविले. पुढची पायरी लेबनॉनमध्ये. तेथे चुलत-मामेभावंडांची लग्ने होणारी कुटुंबे होती. बैरूतचे डॉक्टर अवेदिस खाचादुरियन यांनी १९६४ मध्ये अशा कुटुंबांच्या वंशावळी मांडून दाखविले की, दोष एकाच पालकाकडून आला तर कोलेस्टेरॉल साधारण दुप्पट होते आणि हृदयविकार चाळिशी-पन्नाशीत येतो. दोन्ही पालकांकडून आला तर ते चौपटीच्या वर जाते, आणि शाळकरी वयाच्या मुलाला झटका येऊ शकतो.

हे ऐकताना महाराष्ट्रातल्या माणसाने कान टवकारले पाहिजेत. इरावती कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या आप्तसंबंधांवरील इंग्रजी ग्रंथात महाराष्ट्र हा उत्तर आणि दक्षिण यांच्या मधला प्रदेश म्हणून वर्णिला आहे : उत्तरेत मामाची मुलगी बहीण, दक्षिणेत ती हक्काची नवरी, आणि आपल्याकडे अनेक जातींत मामेबहिणीशी लग्न चालते, आतेबहिणीशी सहसा नाही. मामाची मुलगी करणे हा आपल्याकडे कौतुकाचा विषय आहे. त्यात सामाजिक सोयी पुष्कळ असतील. पण मामा आणि भाचा या दोघांच्या रक्तात एकाच आजोबांकडून आलेला हा दोष असेल, तर भाच्याच्या मुलाला तो दोन्ही बाजूंनी मिळण्याची वाट मोकळी होते. हा धोका सर्व मामेभाऊ-बहिणींना नाही. ज्या घरात दोष आहे त्याच घराला आहे. म्हणून तर ते घर कोणते हे कळावयास हवे.

दोष नेमका कोठे आहे, हे अमेरिकेत टेक्सासमधील डल्लास येथे मायकेल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टीन या दोन तरुण डॉक्टरांनी १९७३-७४ मध्ये शोधून काढले. ते थोडक्यात समजून घेऊ. कोलेस्टेरॉल हे काही विष नव्हे. शरीराला ते लागते, आणि यकृत ते तयारही करते. रक्तातून ते लहान लहान गोळ्यांत बांधून नेले जाते, त्यांतल्या एका जातीच्या गोळ्यांना एल.डी.एल. म्हणतात. हे गोळे रक्तातून उचलून घेण्यासाठी पेशींच्या, विशेषतः यकृताच्या पेशींच्या, अंगावर एक प्रकारचे हात असतात. त्यांना रिसेप्टर म्हणतात. हे हात घडविण्याची आज्ञा ज्या जनुकात लिहिलेली असते त्याच्या दोन प्रती प्रत्येकाजवळ असतात, एक आईची, एक बापाची. एक प्रत बिघडलेली असली की हात निम्मे. न उचललेले गोळे रक्तात जन्मापासून फिरत राहतात आणि हृदयाला रक्त पुरविणाऱ्या रोहिणींच्या अस्तरात जाऊन बसतात. माणूस सडपातळ असो, शाकाहारी असो, रोज गोदाकाठी फेरफटका मारणारा असो, रोहिणी आपल्या बेताने अरुंद होत जाते. या शोधाबद्दल त्या दोघांना १९८५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. साधारणपणे दर दोन-अडीचशे माणसांत एकाला हा एकेरी दोष असतो, असे आज मानतात. उपचार न झाल्यास अशा पुरुषांपैकी सुमारे निम्म्यांना पन्नाशीपर्यंत हृदयविकार गाठतो. सहज शब्दाचे यापेक्षा स्वच्छ उदाहरण सापडणे कठीण.

आता भारतीयांचा प्रश्न. तो या एका दोषाहून पुष्कळ मोठा आहे. १९५९ मध्ये सिंगापूरच्या हजारो शवविच्छेदनांच्या नोंदी तपासून दानराज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, त्या एकाच शहरात राहणाऱ्या चिनी लोकांपेक्षा भारतीयांत रोहिणींचा हृदयविकार कितीतरी पटींनी अधिक आहे. झाले, भारतीयांचे रक्तच तसे, असे म्हणण्यास आधार मिळाला. पण थोड्याच वर्षांत मुंबईहून त्याला शह देणारी माहिती आली. डॉक्टर एस. एल. मल्होत्रा हे पश्चिम रेल्वेचे मुख्य वैद्यकीय अधिकारी. रेल्वे म्हणजे साऱ्या हिंदुस्थानची एका छताखाली घेतलेली हजेरी : नोकरी एक, पगाराच्या श्रेणी सारख्या, नोंदी व्यवस्थित, माणसे मात्र पंजाबपासून मद्रासपर्यंतची. मल्होत्रा यांनी दहा लाखांहून अधिक रेल्वे कर्मचाऱ्यांच्या १९५८ ते १९६२ च्या नोंदी तपासल्या आणि १९६७ मध्ये निष्कर्ष छापले. दक्षिणेकडील कर्मचाऱ्यांत हृदयविकाराने होणारे मृत्यू पंजाबकडील कर्मचाऱ्यांच्या सुमारे सातपट होते. आणि तूप-दूध भरपूर खाणारे होते ते पंजाबकडचे! म्हणजे 'भारतीय रक्त' असे एक काही नाही, आणि 'तूप खाल्ले म्हणून' हेही सरळ उत्तर नाही. मल्होत्रा यांनी पुढे जेवणाच्या पद्धतीत जे कारण शोधले ते सर्वांना पटले नाही, पण त्यांनी मांडलेला प्रश्न पक्का होता. इगतपुरी-मनमाडच्या रेल्वे वसाहतींतून आलेले कोणी आज येथे असतील तर त्यांनी हे ध्यानी घ्यावे की, त्यांच्या वडील पिढीच्या हजेरीपुस्तकांतून भारतीय हृदयरोगाच्या इतिहासाचे एक महत्त्वाचे पान लिहिले गेले आहे.

त्यानंतर उत्तरे तुकड्यातुकड्यांनी आली. १९६३ मध्येच ऑस्लोच्या कोरे बर्ग यांनी रक्तात लायपोप्रोटीन-ए नावाचा एक कण शोधला होता. त्याचे प्रमाण जवळजवळ पूर्णपणे जनुकांवर ठरते, खाण्यापिण्याने ते फारसे बदलत नाही, आणि दक्षिण आशियाच्या लोकांत ते पुष्कळांत अधिक आढळते. दक्षिण आफ्रिकेत स्थायिक झालेल्या गुजराती कुटुंबांत कोलेस्टेरॉलच्या त्या रिसेप्टराचा एक विशिष्ट बिघाड पुन्हा पुन्हा सापडला. १९९२ मध्ये त्याचे वर्णन छापून आले. जहाजाने गेलेली थोडी माणसे, आपसांतली लग्ने, आणि एका पूर्वजाचा दोष साऱ्या वसाहतीत. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातही या रिसेप्टराच्या जनुकातील बिघाड भारतीय रुग्णांत शोधले गेले. २००९ मध्ये हैदराबादच्या संशोधकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदयाच्या स्नायूतील एका प्रथिनाच्या जनुकात पंचवीस अक्षरांची तूट असल्याचे जाहीर केले. ती आपल्या उपखंडातील शंभरांपैकी सुमारे चौघांत आढळते. हा रोहिणींचा नव्हे, हृदयाच्या स्नायूचा रोग. पुढच्या संशोधनाने हेही दिसले की, त्या तुटीबरोबर येणाऱ्या शेजारच्या दुसऱ्या बदलाचा वाटा मोठा असावा. म्हणजे शंभरांतल्या चौघांनी लगेच धास्ती घेण्याचे कारण नाही. वर्तमानपत्रे अशा वेळी पहिली बातमी ठळक छापतात, दुसरी आतल्या पानावरही येत नाही.

अपथ्यज बाजूही याच काळात बळकट होत गेली, आणि त्यात महाराष्ट्राचा हात मोठा आहे. बावन्न देशांतील रुग्णांची पाहणी झाली. तिच्यातील दक्षिण आशियाचा भाग २००७ मध्ये प्रसिद्ध झाला, त्याचे पहिले लेखक नागपूरचे डॉक्टर प्रशांत जोशी. दक्षिण आशियातील माणसाला पहिला झटका सरासरी त्रेपन्नाव्या वर्षी येतो, इतरांना जवळजवळ एकोणसाठाव्या. सहा वर्षांचा फरक. परंतु तंबाखू, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, रक्तातील चरबी, फळे-भाज्यांचा अभाव, व्यायामाचा अभाव अशा ओळखीच्या नऊ गोष्टींनी धोक्याचा शेकडा पंच्याऐंशीच्या वरचा भाग उलगडला. आपल्याकडे या गोष्टी लवकर वयात गाठतात, म्हणून झटकाही लवकर येतो. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक यांनी तर पुण्याजवळच्या खेड्यांतील गरोदर स्त्रियांचा १९९३ पासून अभ्यास करून तिसरीच एक बाजू पुढे आणली. तेथील नवजात मूल इंग्लंडमधील मुलापेक्षा वजनाने खूपच कमी, साधारण पावणेतीन किलोचे. पण त्याच्या अंगातील चरबी त्या मानाने कमी झालेली नव्हती, कमी झाले होते ते मांस. दिसायला काटकुळे, आतून चरबीचे. हा वारसा आहे, पण तो केवळ जनुकांचा नाही; आईच्या पोटातील आणि कदाचित आजीच्या ताटातील उपासमारीचाही आहे. सहज आणि अपथ्यज यांच्या मधली ही जागा सुश्रुताच्या जोडीत बसत नाही.

औषधाचा इतिहास मात्र मला सांगितल्यावाचून राहवत नाही. जपानातल्या आकिता प्रांतातील शेतकरी घरातले अकिरा एंडो यांनी हजारो बुरशा तपासून १९७३ मध्ये, तांदळावर सापडलेल्या एका निळसर-हिरव्या बुरशीतून, यकृतातील कोलेस्टेरॉलची निर्मिती अडविणारे द्रव्य वेगळे केले. १९७८ मध्ये ओसाका येथे ते प्रथम दिले गेले ते अठरा वर्षांच्या एका मुलीला. तिला दोन्ही पालकांकडून तो दोष आला होता. त्यातूनच स्टॅटिन जातीची औषधे निघाली, १९८७ मध्ये पहिले बाजारात आले, आणि १९९४ मध्ये स्कँडिनेव्हियातील ४४४४ रुग्णांवरील चाचणीने सिद्ध केले की त्यांनी माणसे वाचतात. आज त्या गोळ्या आपल्या मेन रोडवरच्या कोणत्याही औषधाच्या दुकानात मिळतात. म्हणजे अर्नोल्डांच्या काळी जे नुसते नोंदविता येत होते, ते आज अडविता येते. अट एकच, घर ओळखले गेले पाहिजे. नेदरलँड्समध्ये १९९४ पासून हेच केले गेले : एक रुग्ण सापडला की त्याच्या आईबापांकडे, भावंडांकडे, मुलांकडे, मग त्यांच्या मुलांकडे जावयाचे. आपल्या उपाध्यायांची वहीची रीत. फक्त प्रश्न निराळा.

तो प्रश्न डॉक्टर असा विचारतात : वडील किंवा भाऊ पंचावन्नच्या आत, आई किंवा बहीण पासष्टच्या आत, हृदयविकाराने आजारी पडले किंवा गेले काय? उत्तर होय असेल तर त्या माणसाने विशीत-तिशीतच रक्तातील कोलेस्टेरॉल तपासून घ्यावयाचे, आणि लायपोप्रोटीन-ए आयुष्यात एकदा. तपासणी साधी आहे. आड येते ते दुसरेच. मुलीचे स्थळ पाहावयाचे असते. 'त्यांच्याकडे हार्टचे आहे' हे वाक्य एकदा गावात फिरले की पत्रिका परत येऊ लागतात, म्हणून वडिलांचा मृत्यू 'अचानक' झाला इतकेच सांगितले जाते, आणि नातवंडांनाही तेवढेच कळते. हे भय खोटे आहे असे मी म्हणणार नाही. लग्नाच्या बाजारात ते खरेच आहे. पण हिशेब पुरता मांडावा. एकेरी दोष असलेल्या माणसाच्या प्रत्येक मुलाला तो येण्याचा संभव निम्मा, न येण्याचाही निम्माच. तो लग्नाच्या आड येत नाही, संसाराच्या आड येत नाही. आड येते ते न सांगणे. कारण ज्या घरात दोष माहीत आहे त्या घरातल्या मुलाचे रक्त पाचव्या वर्षाच्या सुमारास तपासता येते, आणि आठ-दहा वर्षांच्या वयापासून औषध सुरू करता येते. ज्या घरात नुसते 'अचानक' एवढेच माहीत आहे, तेथे ही तपासणी करण्याचे कोणाच्या मनातही येत नाही.